पंपाची सवय लागते का? बाबांना जिना चढताना धाप लागते, फुंकायची टेस्ट सांगितली आहे

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: बाबा ६१ वर्षांचे, अंबडच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ३० वर्षं काम करून निवृत्त झालेले, पूर्वी विडी ओढायचे. तीन महिन्यांपासून खोकला आहे आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागते. डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट आणि एक पंप, म्हणजे इनहेलर, लिहून दिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, पंप लावू नका, एकदा लागला की सुटत नाही. तर फुफ्फुसांचे नेहमीचे आजार कोणते, ते बरे होतात का आणि पंप घ्यायचा की नाही?

आधी पंपाचं सांगते. घ्यायचा. टेस्टच्या आधी सुरू करायचा की नंतर, एवढंच डॉक्टरांना फोन करून विचारा. काकूंचा राग मानू नका, हे वाक्य मी रोज निदान चार तोंडांतून ऐकते. चष्मा लागला की सुटत नाही, त्यातलाच प्रकार आहे. पंप सुटत नाही, कारण आजार राहतो.

मी डॉक्टर नाही. नाशिकमध्ये छातीच्या दवाखान्यात गेली १६ वर्षं हीच फुंकायची टेस्ट घेते. निदान करणं माझं काम नाही. पण दिवसाला आठ-दहा माणसं समोर बसून फुंकतात, त्यांचे कागद माझ्या हातातून जातात आणि बाहेरच्या बाकावरच्या गप्पा दार उघडं असलं की ऐकू येतात. डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की त्या बाकावर जागा उरत नाही.

आपल्याकडे दम लागला की दमा, असा सरळ हिशोब असतो. माझ्या आईच्या बाबतीत आम्हीही तोच केला. दिंडोरी तालुक्यातलं आमचं गाव, आई जन्मभर चुलीवर. जळणाला द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या, त्याही बऱ्याचदा ओल्या. विडीला तिने कधी हात लावला नाही. पन्नाशीनंतर तिला धाप लागायला लागली तशी सगळ्यांनी तिला दमेकरी ठरवलं. तीन वर्षं कोजागिरीला खिरीतलं औषध झालं. मग कुणीतरी एका पुडीवाल्याचा पत्ता दिला. दोन दिवसांत आराम! आम्ही त्याला देवमाणूस म्हणायचो. सहा महिन्यांत आईचा चेहरा पुरीसारखा फुगला, साखर वाढली, कातडीवर जरा लागलं की काळंनिळं व्हायचं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, ही लक्षणं स्टिरॉइडची आहेत. नाव-गाव नसलेल्या पुडीत काय आहे हे कोण विचारतं? आम्हीही विचारलं नव्हतं.

ती फुंकायला बसली तेव्हा मी या कामात नवीन होते. तोंडात नळी दिली, नाकाला चिमटा लावला, म्हटलं, आई, जोरात फुंक. तिने गाल फुगवले आणि हळूच, लांबवर, एका धारेत फुंकलं. चुलीत फुंकणी घालून निखारा फुलवतात ना, तसं. तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा तसंच. चाळीस वर्षांची सवय होती ती. आजही खेड्यातून येणाऱ्या आज्या तशाच फुंकतात आणि मला तेव्हाच निम्मा अंदाज येतो.

ही टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री. छाती भरेल तेवढा श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात सगळा बाहेर टाकायचा, निदान सहा सेकंद तरी फुंकत राहायचं. 'घ्या घ्या घ्या, आता फुंका! अजून, अजून, अजून, सोडू नका!' असं मी ओरडत असते. बाहेरच्यांना वाटतं बाई भांडतेय. यंत्र दोन गोष्टी मोजतं: एकूण हवा किती निघाली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती निघाली. श्वासनळ्या मोकळ्या असतील तर साधारण पाऊण हवा, तरुणात त्याहून जास्त, पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. नळ्या आवळलेल्या असतील तर हवा रेंगाळत निघते. मग चार वेळा पंप देऊन १५ मिनिटं बाकावर बसवायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं. आकडा १२ टक्क्यांहून आणि २०० मिलिलिटरहून जास्त सुधारला तर संशय दम्याकडे झुकतो. पंप देऊनही पहिल्या सेकंदातल्या हवेचं एकूण हवेशी गुणोत्तर ०.७० च्या खालीच राहिलं, तर सीओपीडी, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. आईचं दुसरं निघालं. विडी न ओढता. चुलीच्या धुराने.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. दम्यात नळीच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि ती कमी-जास्त होते. सकाळी त्रास, दुपारी माणूस ठणठणीत. पहाटे तीनला उठून बसणारा, उदबत्तीने, घर झाडताना, थंडीत चालताना, हसता हसता खोकणारा रुग्ण असला की तो बहुतेक दम्याचा. बऱ्याच जणांना लहानपणापासून सर्दी-शिंकांची साथ असते. ही सूज श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडने उतरते आणि नीट औषध घेणारा माणूस पांडवलेणी चढून जातो. दमा कायमचा जात नाही, पण असून नसल्यासारखा ठेवता येतो.

सीओपीडीत नळ्या आणि हवेचे फुगे हळूहळू, वर्षानुवर्षं झिजलेले असतात. गेलेलं परत येत नाही. इथे श्वासनळ्या सैल करणारी लांब पल्ल्याची औषधं मुख्य, टायोट्रोपियम किंवा ग्लायकोपायरोनियमसारखी, फॉर्मोटेरॉलसोबत. स्टिरॉइड सगळ्यांना लागत नाही, वारंवार बिघडणाऱ्यांना डॉक्टर जोडतात. विडी सुटली की झीज मंदावते, आणि हे कुठल्याही औषधापेक्षा मोठं काम आहे. बाबा 'पूर्वी' ओढायचे असं तुम्ही लिहिलंय. किती पूर्वी, ते जरा खोदून विचारा. माझ्या अनुभवात 'सोडली' म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या खिशात काडेपेटी असते. वर्षातून एकदा फ्लूची लस आणि न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जंतूवरची, लसही विचारून घ्या, आपल्याकडे मोठ्या माणसांच्या लशींचा विषयच निघत नाही.

आता काकूंसारख्यांची दुसरी भीती, स्टिरॉइड. पंपातल्या बुडेसोनाइड या स्टिरॉइडचा एक सामान्य डोस २०० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा घेतला तर ४००. तोंडाने घ्यायची प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, बुडेसोनाइड वजनाच्या मानाने जास्त तीव्र आहे, म्हणून ही तराजूतली तुलना नाही. तरी अंदाज येतो. गोळी पोटात, रक्तात, मग सगळ्या अंगात फिरते. पंपातलं औषध मुख्यतः जिथे सूज आहे तिथे जातं. आई ज्या पुडीने सुजली ती पुडी आम्हाला घरगुती वाटली होती, आणि पंप मात्र 'शेवटचा उपाय'.

पंप दोन प्रकारचे असतात, ही गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवा. एक लगेच आराम देणारा, साल्बुटामॉलचा. दुसरा रोज घ्यायचा, सूज उतरवणारा, त्याचा परिणाम दिसायला काही दिवस ते आठवडे लागतात. लोक पहिल्याच्या प्रेमात पडतात, कारण तो पाच मिनिटांत छाती मोकळी करतो. दुसरा 'काही फरक पडत नाही' म्हणून कपाटात जातो. सूज आत वाढत राहते आणि एका रात्री पहिलाही काम करेनासा होतो. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की नुसत्या साल्बुटामॉलवर दमा सांभाळायचा नाही. आराम देणाऱ्या पंपाचा रंग बहुतेक वेळा निळा असतो, पण रंगावर जाऊ नका, डबीवरचं नाव वाचा.

आणि घ्यायची पद्धत! यावर मी तासभर बोलू शकते. एक आजोबा दर महिन्याला तक्रार करत, औषध लागूच पडत नाही. शेवटी म्हटलं, माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यांनी खिशातून पट्टी काढली, कॅप्सूल तोंडात टाकली आणि माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायले. यंत्रात फोडून श्वासाने ओढायची पूड ते दोन महिने गिळत होते. पट्टीवर 'कॅप्सूल' लिहिलंय म्हटल्यावर त्यांचं तरी काय चुकलं? यंत्र कुठे आहे विचारलं, तर घरी, नातवाने खेळायला घेतलेलं.

दाबायचा पंप असेल तर तो हलवा, आधीचा श्वास पूर्ण सोडा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, दाबा आणि त्याच क्षणी सावकाश, खोल श्वास घ्या. मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत तो रोखा. दुसरा डोस अर्ध्या-एक मिनिटाने. वयस्कांना दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नाही, म्हणून मध्ये स्पेसर लावायचा, ती प्लास्टिकची फुगीर नळी. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्या, फडक्याने पुसू नका, पुसला की आत वीजभार तयार होतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. कॅप्सूलमधली पूड ओढायच्या यंत्राचं उलट आहे. त्यात जोरात, झपकन ओढायचं. दोन्ही पद्धतींची अदलाबदल ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक. स्टिरॉइड असेल तर शेवटी चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

हे झालं नळ्यांचं. पण बाबांना तीन महिने खोकला आहे आणि तुम्ही थुंकीच्या तपासणीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की टीबी नाही ना, हे आधी बघायचं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. जंतूची जनुकं ओळखणाऱ्या नव्या मशीनमध्ये काही तासांतच जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही, दोन्ही कळतं. साधा टीबी सहा महिन्यांत बरा होतो: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होते, त्याने घाबरू नका, ते रिफॅम्पिसिन. अडचण अशी की दुसऱ्या महिन्यात माणसाला बरं वाटतं, वजन वाढतं, आणि गोळ्या थांबतात. मग जंतू चिवट होऊन परत येतो. उपचार चालू असताना सरकार खुराकासाठी दर महिन्याला पैसेही देतं, पूर्वी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. टीबी निघाला तर लपवू नका आणि लाजू नका. एवढंच पुरे.

टीबी बरा झाला तरी त्याचे व्रण राहतात, बरं का. जुना टीबी होऊन गेलेली माणसं माझ्याकडे येतात, जंतूचा पत्ता नसतो, पण फुंकताना आकडे पडलेले. काहींच्या नळ्या कायमच्या फुगून त्यात कफ साठतो, सकाळी वाटीभर बेडका पडतो. त्यांना कफ काढायचे व्यायाम आणि जंतू वाढले की अँटिबायोटिक.

आता फाउंड्री. प्रश्नात तुम्ही ती सहज लिहून गेलात, मला मात्र तोच शब्द सर्वांत महत्त्वाचा वाटला. साच्याची वाळू, कास्टिंगचं ग्राइंडिंग, शॉट ब्लास्टिंग यांत सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षं आत गेली की फुफ्फुसात गाठी आणि व्रण होतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. बरं करणारं औषध नाही, आणि अशा फुफ्फुसात टीबीही लवकर शिरतो. दगडखाणी आणि खडी क्रशरवरच्या माणसांचं तेच. डॉक्टरांना 'कंपनीत होते' एवढं सांगून भागत नाही. कुठल्या खात्यात, वाळूवर की ऑफिसात, तोंडाला काय बांधायचे, हे सांगा. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ही धूळ सरळ आत जाते.

अशा आजारांत टेस्टचं चित्र वेगळं येतं. हवा झटकन निघते, पण मुळात निघतेच थोडी. फुफ्फुस घट्ट झालेलं असतं, फुगत नाही. मग छातीचं सीटी स्कॅन करावं लागतं. याच गटात कबुतरांमुळे होणारा आजार येतो. मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रान उठलं ते आठवत असेल. विष्ठेतली आणि पिसांतली धूळ काही जणांच्या फुफ्फुसाला सोसत नाही. कोरडा खोकला येतो, हळूहळू धाप वाढते आणि स्टेथोस्कोपने ऐकलं तर चपलेचा वेल्क्रो पट्टा उघडल्यासारखा आवाज येतो. वेळेत कबुतरं दूर केली तर सुधारतं, उशीर झाला तर व्रण राहतात. तेव्हा स्टिरॉइड, पुढे निन्टेडॅनिब किंवा पिरफेनिडोनसारखी व्रणांचा वेग कमी करणारी औषधं. फ्लॅटच्या डक्टमध्ये, एसीच्या मागे घरटं असेल तर आजच साफ करून घ्या. बाबांना मात्र ते काम सांगू नका.

न्यूमोनिया हा दिवसांत वाढणारा आजार, तीन महिने चालणारा नाही. ताप, थंडी, एका बाजूला श्वासाबरोबर टोचणारी छाती, गंजासारखा कफ. म्हाताऱ्यांत ताप नसतोही, माणूस नुसता बरळायला लागतो. अँटिबायोटिकने बहुतेक बरे होतात. पन्नाशीपुढच्या विडी ओढणाऱ्याचा एक्सरे मात्र सहा आठवड्यांनी पुन्हा काढायचा. तो डाग गेला नाही, तर त्यामागे गाठ असू शकते.

म्हणजे कॅन्सर. हा शब्द तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणारच. खोकल्यातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, आठवडेच्या आठवडे बसलेला आवाज, बोटांची टोकं ढोलाच्या काठीसारखी जाड होणं, यातलं काही असेल तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. आपल्याकडे घोटाळा असा होतो की एक्सरेवर सावली दिसली की थुंकीत जंतू न सापडताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यात महिने जातात. गाठ लवकर सापडली तर ऑपरेशन, नाहीतर किमो आणि किरणांचा शेक. काही जणांत गाठीच्या जनुकांची तपासणी करून रोजच्या गोळीवरही वर्षं काढता येतात.

काही वेळा फुफ्फुसाचा यात काहीच दोष नसतो. आडवं झाल्यावर धाप वाढत असेल, पायाला सूज असेल, तर हृदय तपासतात. बीपीची रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर तिनेही कोरडा खोकला येतो, गोळी बदलली की जातो. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतात. डोळ्याचं औषध छातीच्या डॉक्टरांना कोण सांगतं? सांगा.

ऑक्सिजनबद्दल एक गोष्ट, कारण कोविडनंतर घरोघरी बोटाचं यंत्र आहे. सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजन देताना बोटाच्या यंत्रावर ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य असतं. ९० दिसलं म्हणून घाबरून सिलिंडरची चावी वाढवली तर उलट कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो. ज्यांचा ऑक्सिजन विश्रांतीतही ८८ किंवा त्याखाली राहतो, त्यांना घरी रोज निदान १५ तास तो लावायला सांगतात. मेंदी किंवा नेलपॉलिशवरचा आकडा धरू नका. आणि बाबांना एक वाक्य पुरं करताना तीनदा थांबावं लागत असेल, ओठ निळे पडत असतील, किंवा अचानक एका बाजूला छातीत कळ येऊन धाप लागली, तर ना पंपाची वाट बघायची ना माझ्या उत्तराची. १०८ ला फोन करा.

टेस्टच्या दिवशी पोट तुडुंब भरून आणू नका, घट्ट शर्ट नको. जुने एक्सरे कितीही पिवळे पडलेले असोत, सगळे आणा, कारण पाच वर्षांपूर्वी तो डाग होता की नाही यावर पुष्कळ ठरतं. पंप सुरू झाला असेल तर टेस्टच्या किती तास आधी थांबवायचा, ते विचारून ठेवा. कवळी नीट बसत असेल तर घालूनच या, नाहीतर नळीभोवती ओठ आवळले जात नाहीत आणि हवा गळते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर खोलीत शिरताच टेस्ट घेणारीला सांगा, मग ती फुंकायला लावणार नाही. आणि बाबांना घरी फुंकायची प्रॅक्टिस करू देऊ नका. आधीच दमून येतात आणि माझ्यासमोर आकडे खाली जातात.